दुसरीत काय एवढं बुडतंय?

पत्र: माझा मुलगा साडेसात वर्षांचा आहे, दुसरीत शिकतो. शाळा सुरू होऊन चार महिने झाले आणि त्याचे १४ दिवस बुडाले. कधी सर्दी, कधी घरचं कार्य, कधी आम्ही गावाहून उशिरा परतलो म्हणून, आणि अलीकडे बऱ्याचदा सकाळी नुसतंच ‘पोटात दुखतंय’. घरी ठेवलं की तासाभरात खेळायला लागतो. परवा वर्गाच्या बाईंनी बोलावून हजेरीबद्दल सांगितलं. सासूबाई म्हणतात, ‘दुसरीत काय एवढं बुडतंय? चौथीपासून बघू.’ मुलाच्या बाबांचंही तेच मत. मी दर वेळी शेजारच्या मुलीची वही आणून सगळं लिहून घेते, त्यामुळे अभ्यास तरी पूर्ण असतो. मी उगाच ताण घेतेय का? आणि रडणाऱ्या मुलाला ओढत शाळेत न्यायचं का?

ताई,

दोन्ही प्रश्नांची उत्तरं आधी देऊन टाकतो. ताण उगाच नाही. आणि रडणाऱ्या मुलाला ओढत न्यायचं नाही, पण रडतो म्हणून घरीही ठेवायचं नाही. या दोहोंच्या मधे करण्यासारखं पुष्कळ आहे, आणि त्यातलं निम्मं आदल्या रात्रीच उरकायचं असतं.

१४ दिवस थोडे वाटतात, कारण ते सुटे सुटे गेले. चार महिन्यांत शाळा ८० दिवस भरली असं धरलं, तर १४ म्हणजे साडेसतरा टक्के. हेच चालू राहिलं तर २०० दिवसांच्या वर्षात ३५ दिवस जातील. पाच दिवसांच्या आठवड्यानं मोजलं तर हे तब्बल सात आठवडे झाले. अनेक देशांत १० टक्के गैरहजेरी ही धोक्याची रेघ मानतात, आणि ती काढताना कारण पाहत नाहीत. आजारपण असो, घरचं कार्य असो, रजेचा अर्ज दिलेला असो वा नसो, सगळे दिवस एकाच खात्यात जमा होतात, कारण त्या दिवशी वर्गात जे झालं ते मुलाला मिळालं नाही एवढंच खरं. २०० दिवसांत १० टक्के म्हणजे २० दिवस, महिन्याला दोन. ‘महिन्यातून दोनदाच तर राहिला’ असं म्हणता म्हणता आपण या रेघेवर येऊन पोचतो.

आता सासूबाईंचा प्रश्न. तो खोडसाळ नाही, पुष्कळ घरांत विचारला जातो. दुसरीची पुस्तकं पातळ असतात, परीक्षेचा धाक नसतो, म्हणून तिथे काही बुडत नाही असं वाटणं साहजिक आहे. पण दुसरीत मूल जे शिकतं ते पुस्तकाच्या पानात फारसं दिसतच नाही.

वजाबाकी घ्या. ५२ मधून २७ वजा करायचे आहेत. वर्गात बाई काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे घेतात. पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या. दोनातून सात जात नाहीत, म्हणून एक गठ्ठा सोडतात. आता चार गठ्ठे आणि बारा सुट्या. बारातून सात गेले पाच, चार गठ्ठ्यांतून दोन गेले दोन, उत्तर २५. हे मुलांच्या हातून दोन-तीन दिवस होतं, मग चित्रात होतं, आणि सगळ्यात शेवटी वहीत आकड्यांत उतरतं. जो मुलगा ते दोन दिवस नव्हता, त्याला वहीत फक्त पाचावर मारलेली काट आणि वर लिहिलेला चार दिसतो. तो ते हुबेहूब उतरवतो. पुढच्या आठवड्यात स्वतः गणित सोडवताना मात्र ३५ लिहितो, कारण त्यानं मोठ्या आकड्यातून लहान आकडा वजा केला: सातातून दोन गेले पाच, पाचातून दोन गेले तीन. या वयातली ही अगदी ठरलेली चूक आहे. आणि तिचं मूळ न सापडल्यामुळे घरी सगळे म्हणतात की त्याचं लक्ष नसतं.

वाचनाचंही तसंच. काना-मात्रा झाल्या की जोडाक्षरं येतात, आणि त्यात एकटा ‘र’ किती रूपं घेतो बघा: सूर्य, चक्र, राष्ट्र, वाऱ्यावर. हे समजावून सांगून येत नाही. बाई वाचतात, वर्ग मागून म्हणतो, मग एकेकाला उठवतात, कुणी ‘पुस्तक’ला ‘पुसतक’ म्हणतं, बाई थांबवतात, बाकीचे ऐकतात. दुसऱ्याची चूक दुरुस्त होताना ऐकणं हाही शिकण्याचाच भाग आहे, आणि तो कुठल्याही वहीत नसतो. जोडाक्षरापाशी अडखळणारं मूल वाक्याच्या शेवटाला पोचेपर्यंत सुरुवात विसरलेलं असतं. अक्षरं वाचली जातात, अर्थ लागत नाही. चौथीपासून परिसर, इतिहास, गणितातली शाब्दिक उदाहरणं, सगळं स्वतः वाचून कळावं अशी अपेक्षा असते. तिथे तोवर वाचायला शिकवत बसायला कुणाला वेळ नसतो. म्हणजे ‘चौथीपासून बघू’ हा हिशेब बरोबर उलटा आहे. सुरुवातीच्या एक-दोन इयत्तांत वरचेवर गैरहजर राहिलेली मुलं तिसरीच्या अखेरीस वाचनात मागे असण्याचं प्रमाण जास्त असतं, हे ठिकठिकाणच्या अभ्यासांत दिसून आलं आहे.

आणखी एक गोष्ट, जी मोठ्यांच्या ध्यानात येत नाही. सलग आठ दिवस आजारी पडलेल्या मुलाला परत आल्यावर बाई जवळ बसवून मागचं घेतात. एकेक दिवस राहणाऱ्या मुलासाठी असं कुणी थांबत नाही. ते दर वेळी कशाच्या तरी मधे येऊन पडतं. काल ठरलेला खेळ, काल बदललेली बसायची जागा, काल हसू आलेली गोष्ट, यातलं त्याला काहीच ठाऊक नसतं. थोडक्यात, ते स्वतःच्याच वर्गात पाहुणं होतं. पाहुण्याला सकाळी उठून जावंसं वाटत नाही, आणि तिथून पोटदुखी फार लांब नाही.

म्हणून शेजारच्या मुलीची वही उतरवून घेणं थांबवा. त्यात तुमचा तासभर जातो, मुलाचा हात दुखतो, आणि हाती येतो तो फक्त पूर्ण झालेल्या वहीचा देखावा. त्याऐवजी बाईंना तीनच गोष्टी विचारा: त्या दिवशी नवीन काय सुरू झालं, ते कुठली वस्तू किंवा चित्र घेऊन शिकवलं, आणि सरावाला कुठली दोन-तीन उदाहरणं दिली होती. नवीन काहीच झालं नसेल तर काही भरून काढायचं नाही. झालं असेल तर त्याच वस्तू घेऊन वीस मिनिटं बसा, त्याहून जास्त नाही. वहीतली पानं कोरी राहिली तर राहू देत. बाईंना तसं आधी सांगून ठेवा.

आता कारणाकडे. तुमच्या पत्रात चार कारणं आहेत आणि त्यांचे उपाय चार वेगळे आहेत. सगळ्यांना ‘शाळेचा कंटाळा’ म्हटलंत तर एकही सुटणार नाही. बाईंकडून त्या १४ दिवसांच्या तारखा घ्या आणि घरी एक तक्ता करा. तारीख, वार, कारण, आदल्या रात्री किती वाजता झोपला, दुखणं किती वाजता सुरू झालं, किती वाजता थांबलं, त्या दिवशी वेळापत्रकात काय होतं. मागचं जेवढं आठवेल तेवढं भरा, पुढचं रोज भरा. मग वारांकडे बघा. सोमवार किंवा सुटीनंतरचा दिवस वारंवार येत असेल, तर बहुधा झोपेची घडी विस्कटलेली असते किंवा दोन दिवस घरात राहिल्यावर घर सोडवत नाही. एखादा ठरावीक वार येत असेल तर त्या दिवशीचा तास शोधा: शुद्धलेखन, प्रकट वाचन, खेळाचा तास, किंवा बदलीवर येणारे एखादे सर. खऱ्या आजारपणाला जोडून ‘आजच्या दिवस राहू दे’चं शेपूट किती वेळा आलं तेही मोजा, बहुतेक घरांत यात दोन-तीन दिवस सापडतात. आणि घरचं कार्य, उशिरा परतणं हे निर्णय मोठ्यांचे आहेत. त्या रकान्यात पाच दिवस निघाले, तर त्या पाच दिवसांपुरता प्रश्न मुलाचा नाहीच.

पोटदुखीबद्दल सविस्तर बोलायला हवं. तासाभरात खेळायला लागतो म्हणजे नाटक करत होता, असं समजू नका. या वयात काळजी पोटातच उतरते. मन धास्तावलं की आतड्यांची हालचाल बदलते आणि खरोखर दुखतं. धास्तीचं कारण टळलं की दुखणंही जातं. तरी आधी डॉक्टरांना दाखवा, कारण काही साधी शारीरिक कारणं अशीच दिसतात. सगळ्यात जास्त सापडतं ते बद्धकोष्ठ. शाळेचं स्वच्छतागृह घाण असतं, कडी लागत नाही, किंवा तासाला उठून विचारायची लाज वाटते, म्हणून मुलं दिवसभर दाबून धरतात आणि तहान लागली तरी पाणी पीत नाहीत. बाटली भरलेलीच परत येते का, घरात शिरल्या शिरल्या संडासकडे धावतो का, एवढं आठवडाभर बघा. तसं असेल तर उपाय शाळेत आहे: कुठल्या वेळी जायचं हे बाईंशी ठरवून घ्या, आणि घरी सकाळी खाणं झाल्यावर दहा मिनिटं निवांत बसायची सवय लावा. त्यासाठी पंधरा मिनिटं लवकर उठवावं लागेल.

दुखण्यानं रात्री झोपेतून जाग येत असेल, वजन घटत असेल, शौचातून रक्त जात असेल, वारंवार उलट्या होत असतील, लघवीला जळजळ असेल किंवा दुखणं बेंबीकडून उजव्या बाजूला खाली सरकत असेल, तर हजेरीचा विचार बाजूला ठेवून लगेच डॉक्टरांकडे जा. पोटाऐवजी डोकं दुखतं म्हणत असेल आणि फळ्यावरचं उतरवताना चुकत असेल, तर डोळे तपासा. सर्दीचं तुम्ही लिहिलंय; ती वारंवार होत असेल तर कानही तपासून घ्या. लांबलेल्या सर्दीत कानाच्या पडद्यामागे पाणी साठून ऐकू कमी येतं. मूल ते सांगत नाही, फक्त वर्गात हरवल्यासारखं बसतं.

घरी कधी ठेवायचं याचा नियम सकाळी सात वाजता रडारडीत ठरवायचा नसतो, आधीच ठरवून लिहून ठेवायचा असतो. ताप ३८ अंश सेल्सिअस म्हणजे १००.४ फॅरनहाइट किंवा वर असेल तर घरी. आणि औषध न देता २४ तास ताप आला नाही की शाळेत. औषध पाजून पाठवणं हा सगळ्यात वाईट प्रकार. दुपारी औषधाचा असर उतरतो, ताप परत चढतो आणि तोवर शेजारच्या चौघांना लागण झालेली असते. उलट्या-जुलाब असतील तर शेवटच्या उलटी-जुलाबानंतर निदान पूर्ण एक दिवस. पुष्कळ शाळा दोन दिवस सांगतात, तसं असेल तर तोच नियम पाळा. कांजिण्यांत सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत, साधारण पाच दिवस. गोवरात पुरळ आल्यापासून चार दिवस. नुसतं नाक वाहतंय, थोडा खोकला आहे, पण खातोय, खेळतोय, ताप नाही, तर शाळेत. उवा झाल्या म्हणून घरी ठेवायची गरज नाही. त्याच दिवशी उपचार सुरू करा. आणि ‘पोटात दुखतंय’ पण ताप नाही, उलटी नाही, जुलाब नाही, डॉक्टरांनी तपासलेलं आहे, तर शाळेत.

ही शेवटची ओळच तुम्हाला जड जाणार. ती का पाळायची ते सांगतो. सकाळी भीती वाटली, आईनं राहू दिलं, भीती गेली. मुलाच्या मनात याची गाठ पक्की बसते: राहिलो की बरं वाटतं. शाळेत गेल्यावर ती भीती आपोआप उतरते हे कळायची संधीच त्याला मिळत नाही, म्हणून पुढची सकाळ आणखी अवघड होते. प्रेमानं दिलेली प्रत्येक सूट उद्याचं दुखणं वाढवते.

रात्रीपासून सुरू करा. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना ९ ते १२ तास झोप लागते. साडेसहाला उठायचं असेल तर नऊला झोप लागलेली हवी, म्हणजे साडेआठला अंथरुणावर. सध्या साडेदहाला झोपत असेल तर एकदम साडेआठ करू नका, तो नुसता लोळत पडेल. दर दोन-तीन दिवसांनी पंधरा मिनिटं अलीकडे आणा. झोपेआधी तासभर टीव्ही-मोबाइल बंद. सुटीच्या दिवशी उठायची वेळ तासाभराहून जास्त पुढे ढकलू नका, नाहीतर सोमवारी पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. दप्तर, गणवेश, बूट, पाण्याची बाटली रात्रीच दाराशी. सकाळच्या भांडणांपैकी निम्मी हरवलेल्या मोज्यांवरून होतात.

सकाळी विचारणं बंद करा. ‘आज बरं वाटतंय ना? जाशील ना रे?’ हा प्रश्न म्हणजे नाही म्हणायचं आमंत्रण आहे. दुखतंय म्हणाला तर एकदा ऐका, ताप बघा आणि सांगा: ‘दुखतंय हे मला कळलं. ताप नाही. आपण शाळेत जातोय. मधल्या सुट्टीपर्यंत थांबलं नाही तर बाईंना सांग.’ एवढंच. त्यानं पुन्हा म्हटलं तर पुन्हा तीच वाक्यं, त्याच आवाजात. लालूच नको, धमकी नको, ‘बाबांना सांगते’ तर नकोच. फाटकापाशी दहा मिनिटं आधी पोचा. उशीर झाला की भरल्या वर्गात सगळ्यांच्या नजरा झेलत शिरावं लागतं, आणि कचरणाऱ्या मुलाला तेच सगळ्यात जड जातं. (उशिराचा हिशेबही करून बघा: रोज २० मिनिटं उशीर झाला, तर २०० दिवसांत ४,००० मिनिटं, जवळजवळ ६७ तास. पाच तासांच्या शाळेचे तेरा दिवस, आणि हजेरीपटावर मूल हजर!)

निरोप अर्ध्या मिनिटाचा. एकच ठरलेलं वाक्य, ‘शाळा सुटली की मी इथेच असेन’, आणि निघा. त्याची नजर चुकवून पळू नका; एकदा फसलेलं मूल पुढचा महिनाभर पदर सोडत नाही. खिडकीतून डोकावून बघत राहू नका. आणि शाळा सुटताना खरोखर तिथेच असा. हे वाक्य खोटं ठरलं तर बाकीचं सगळं फुकट. तुमच्यापाशी जास्त रडत असेल तर दोन आठवडे बाबांनी सोडावं. पुष्कळ मुलं ज्याच्याजवळ रडू येतं त्याच्याचजवळ रडतात, आणि दुसरं कुणी सोडायला आलं की निमूट जातात. बाबांनाही त्यानिमित्तानं सकाळ कशी असते ते दिसेल.

पहिल्या आठवड्यात रडणं वाढेल. नियम पक्का झाला की मूल आणखी जोर लावून बघतं. तिसऱ्या दिवशी तुम्ही विरघळलात, तर ‘पुरेसं रडलं की जमतं’ एवढंच त्याला कळेल, आणि पुढच्या खेपेला तो तिथूनच सुरुवात करेल. म्हणून घरातल्या तिघांचं एकमत झाल्याशिवाय हे सुरूच करू नका. सासूबाईंशी वाद घालण्यापेक्षा त्यांना यात काम द्या. घरी राहिलेल्या दिवशी आजी, गोष्टी, टीव्ही आणि अंगणातला खेळ असं सुख असेल तर शाळा हरणारच. त्यात आजींचा दोष नाही. त्यांना सांगा की संध्याकाळची दहा मिनिटं तुमची: तो मोठ्यानं वाचेल, तुम्ही ऐकायचं, अडला तर शब्द सांगायचा, रागवायचं नाही. आणि तो खरंच आजारी म्हणून घरी राहिला तर शाळेच्या वेळेत टीव्ही-मोबाइल बंद, अंथरुणावर विश्रांती, सोबत गोष्टीचं पुस्तक. माया करा, पण दिवस कंटाळवाणा राहू द्या. ताप, उलटी, जुलाब यांतलं काही नव्हतं आणि दहाच्या सुमाराला टुणटुणीत झाला, तर तोंड धुवा, गणवेश घाला आणि उरलेल्या तासांना पाठवा. शाळेनं अर्ध्या दिवसाला घ्यावं हे आधी बोलून ठेवावं लागेल.

त्याच्याशी बोलायचं ते सकाळी नाही, शाळेतून येताना चालता चालता. ‘शाळेत का जायचं नसतं?’ याचं उत्तर साडेसात वर्षांच्या मुलाकडे नसतं. तो ‘माहीत नाही’ म्हणेल आणि तुम्ही चिडाल. छोटं विचारा. मधल्या सुट्टीत कुणाशेजारी बसलास? कुठला तास संपता संपत नाही? कुणाची भीती वाटते? किंवा कागदावर त्याच्याकडून शाळेचा नकाशा काढून घ्या: वर्ग, जिना, मैदान, स्वच्छतागृह. मग प्रत्येक जागी हसरा किंवा रडका चेहरा काढायला सांगा. रडका चेहरा कुठे पडतो ते नीट बघा, तिथे काय होतं ते हळूहळू बाहेर येतं.

त्यातून कुणी मारतं, ओरबाडतं, नको तिथे हात लावतं, सतत चिडवतं असं काही निघालं, किंवा बंद झालेलं अंथरूण ओलं करणं पुन्हा सुरू झालं असेल, रात्री दचकून उठत असेल, तर वरचा पक्का नियम तिथेच थांबवा. आधी शाळेशी बोलून ती जागा सुरक्षित करा, मग पाठवा. घाबरण्याजोग्या जागी मुलाला ढकलणं म्हणजे शिस्त नव्हे.

बाईंनी तुम्हाला बोलावलं ही चांगली गोष्ट आहे. पुष्कळ ठिकाणी वर्षअखेरीपर्यंत कुणी काही बोलत नाही. तक्ता घेऊन त्यांना भेटा. तो कुठे बसतो, शेजारी कोण, प्रकट वाचनाला उठवलं तर काय करतो, आणि तुम्ही गेल्यावर किती मिनिटांनी शांत होतो, हे विचारा. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर बहुतेकदा ‘पाच-दहा मिनिटं’ असं येतं, आणि ते ऐकलं की आईचं अर्धं ओझं उतरतं. त्यांच्याकडून दोन गोष्टी मागा. पहिली, आल्या आल्या त्याला एखादं काम द्यावं, फळा पुसणं, वह्या वाटणं. हातात काम असलं की रडायला सवड राहत नाही. दुसरी, गैरहजेरीनंतर आला की ‘आलास का, बरं झालं’ एवढंच म्हणावं. ‘काय राजे, आज वाट चुकलात?’ असं हसत हसत विचारलं तरी वर्ग हसतो, आणि तुमची आठवड्याची मेहनत त्या एका वाक्यात वाहून जाते. शंभर टक्के हजेरीच्या बक्षिसाचा त्याला उपयोग नाही. त्याची शर्यत पहिल्याच महिन्यात संपली आहे, आणि अशी बक्षिसं तापातल्या मुलांना वर्गात आणून बसवतात. त्यापेक्षा त्याच्या स्वतःच्या मागच्या महिन्याशी तुलना करा.

मोठ्यांच्या रकान्यातले दिवस वाचवणं त्या मानानं सोपं आहे. शाळेची सुट्यांची यादी घरात सगळ्यांना दिसेल अशी लावा आणि प्रवास त्याप्रमाणे ठरवा. गावाहून परतायचं ते शाळेच्या आदल्या दिवशी दुपारपर्यंत, रात्री बारा वाजता नाही. दात दाखवणं, चश्म्याचा नंबर काढणं, लस देणं ही कामं शाळा सुटल्यावर. दुसरी वेळ मिळालीच नाही तर दोन तास शाळा करून मग. एखाद्या कार्याला जायलाच हवं असेल तर खुशाल जा, पण तो दिवस तक्त्यात लिहा.

तुमचे ८० दिवस झाले, १२० उरलेत. पुढे गैरहजेरी ६ दिवसांच्या आत राहिली, तर वर्षाअखेर बेरीज २० च्या आत येते, म्हणजे त्या १० टक्क्यांच्या रेघेच्या खाली. एक मोठा ताप यातले तीन दिवस सहज खातो, म्हणून बाकीचे दोन जपून वापरावे लागतील. मागचे १४ दिवस मुलाला ऐकवू नका. हा हिशेब मोठ्यांनी आपसात ठेवायचा आहे.

चार आठवडे हे नेटानं करून बघा आणि मग तक्ता घेऊन पुन्हा बाईंना भेटा, या वेळी मुलाच्या बाबांसह. पोटदुखीच्या सकाळी कमी झाल्या असतील तर तेच चालू ठेवा. तशाच असतील, किंवा मधेच तो सलग आठवडाभर जायचा थांबला, तर वाट न बघता शाळेच्या समुपदेशकांकडे किंवा बालमानसतज्ज्ञांकडे जा. तिथे टप्प्याटप्प्यानं परतायची आखणी करतात: दोन-तीन दिवस फक्त आवडीचा तास, मग मधल्या सुट्टीपर्यंत, मग पूर्ण दिवस. प्रत्येक टप्पा जमला की पुढचा, आणि मागे यायचं नाही. त्याची वेळ तुमच्यावर अजून आलेली नाही. तो आठवड्यातले चार दिवस जातोय, प्रश्न पाचव्याचा आहे.